चीज, उष्टे आणि मधले भांडे

पार्टीच्या टेबलावर मधोमध एक पसरट भांडे. त्यात ओव्हनमधून नुकतेच बाहेर काढलेले, कडेने बुडबुडणारे, वरून तांबूस पापुद्रा धरलेले चीज. भोवती पावाचे तुकडे, टोस्ट, चिप्स. पाहुण्यांनी भोवती जमायचे आणि बुडवून खायचे. ‘बेक्ड चीज डिप’ नावाचा हा पदार्थ आता आपल्या गोव्यातल्या मराठी घरांतही वाढदिवसाला, थर्टी-फर्स्टला, मुलगा परदेशातून सुट्टीवर आला की हमखास दिसतो. त्यावर आपल्याकडे दोन मते आहेत. एक मत नाक मुरडणाऱ्यांचे: हे कसले आपले खाणे, त्यापेक्षा बटाटवडे काय वाईट? दुसरे मत भक्तांचे: मोबाइलवरच्या व्हिडिओत जे जे सांगितले असेल ते ते, पार अमेरिकन कंपनीच्या क्रीम चीजच्या डब्यासकट, मॉलमधून आणायचे आणि हुबेहूब तसेच करायचे. मला विचाराल तर दोघांचेही चुकते आहे. हा पदार्थ आपल्या घरात यावा असे मला मनापासून वाटते. पण त्याने आपल्या घरासारखे होऊन यावे.

यावा का, ते आधी सांगतो. आपल्याकडच्या घरगुती पार्टीचे चित्र आठवा. हॉलमध्ये वीसेक माणसे, हातात पेले, गप्पा रंगात आलेल्या. आणि आत स्वयंपाकघरात घरची बाई तव्यापाशी उभी. रव्यात घोळवलेले काप तळून काढते आहे, कटलेट परतते आहे, एक ताट बाहेर गेले की दुसरे घालते आहे. ‘गरमगरम’ हा आपला हट्ट! तळलेले थंड खायचे नाही, म्हणजे कोणीतरी शेवटपर्यंत आगीपाशी उभे राहिलेच पाहिजे, आणि ते कोणीतरी कोण असते हे सांगायला नको. ती बाहेर येते ती घामाने थबथबून, पदराला हात पुसत, पाहुणे उठायच्या बेतात असताना. सगळे म्हणतात, ‘काय सुंदर झाले होते हो!’ आणि निघून जातात. कष्टाचे चीज झाले म्हणायचे ते हेच का?

भाजलेल्या डिपची गोष्ट निराळी आहे. सकाळी भांड्यात रचून फ्रिजमध्ये ठेवायचे, पाहुणे यायच्या वेळी ओव्हनमध्ये सरकवायचे, अर्ध्या तासाने बाहेर काढायचे. संपले. रांधणारी, किंवा रांधणारा, माणसांत येऊन बसतो. एका पदार्थासाठी एवढे कारण मला पुरेसे वाटते. चवीचे पुढे बघू.

आता हा पदार्थ आला कुठून? बुडवून खाण्याची कल्पना जुनी असली, तरी पार्टीतले ‘डिप’ हे मुख्यत्वे अमेरिकेचे बाळ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरोघरी पार्ट्या वाढल्या, नोकरचाकर कुणाकडे नव्हते, आणि १९५० च्या दशकात कांद्याच्या सुपाची पूड आंबट सायीत कालवून केलेले डिप देशभर गाजले. पुढे पालक, आर्टिचोक, क्रीम चीज यांचे गरम डिप तिथल्या हॉटेलांतून घरांत आले. म्हणजे मुळात तो सोयीचाच पदार्थ. यजमानणीला मोकळे करणे हाच त्याचा धर्म.

युरोपात त्याचा थोरला भाऊ आहे तो स्वित्झर्लंडचा फाँड्यू. ‘शेकडो वर्षांची डोंगरी परंपरा’ म्हणून तो मिरवतो. चीज वाइनमध्ये वितळवण्याच्या कृती जुन्या आहेत, खोटे नाही. पण साऱ्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याला गादीवर बसवले ते स्विस चीज युनियन नावाच्या संघटनेने. १९१४ साली स्थापन झालेली ही संघटना चीजचे भाव आणि उत्पादन ठरवत असे. शिल्लक चीज खपवायला तिने १९३० च्या दशकापासून फाँड्यूचा धडाक्याने प्रचार केला. १९९९ साली ती बंद झाली, पण फाँड्यू राहिला. हे सांगण्यात फाँड्यूची टिंगल करायचा हेतू नाही. परंपरा कधीकधी अशाही तयार होतात, एवढेच. तेव्हा ‘हे आपले नव्हे’ म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. बटाटा आणि मिरचीही आपली नव्हती, आणि दोन्हीवाचून आपला बटाटवडा कसा झाला असता ते मला कुणी सांगावे.

चीजच्या बाबतीत गोव्याचे मात्र नवल वाटते. साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांची सत्ता होती. बंगालात हुगळीकाठी, जिथे त्यांची वसाहत होती, त्या बांडेलच्या नावाने एक खारट, धुरकट चीज आजही कोलकात्याच्या बाजारात मिळते. आणि गोव्यात? आपल्याकडे पाव आला, व्हिनेगर आले, काजू आला, बेबिंका झाली, पण स्वतःचे म्हणावे असे चीज रुजले नाही. माझ्या मते कारण साधे असावे. इथली गावठी गाय लहान चणीची, दूध थोडे. हवा दमट आणि उष्ण, महिनोन्महिने चीज मुरवायला लागणारे थंड तळघर कुठून आणणार? शिवाय नारळ हाताशी होता. दाटपणा, स्निग्धपणा, जे चीजकडून युरोप मागतो, ते आपण आपल्या रसाकडून, म्हणजे नारळाच्या दुधाकडून मागितले आणि मिळवले. चीज खाल्ले गेले ते बाहेरून आलेले. मुक्तीपूर्व काळातल्या लाल वेष्टनाच्या हॉलंडी गोळ्याची आठवण जुनी माणसे अजून काढतात, आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक येते!

तर आपल्या फ्रिजमध्ये आज जे असते ते बहुतेक प्रोसेस चीज. डब्यातले किंवा चौकोनी वड्यांचे. खवय्ये मंडळी त्याला हसतात. ‘ते काय चीज आहे? रबर!’ डिपपुरते तरी मी त्याची बाजू घेणार. मुरवलेले चांगले चीज सरळ आगीवर धरा, काय होते? तूप सुटून वर तरंगते आणि खाली दोरखंड उरतात. चीजमधली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरून असतात. उष्णता वाढली की ती आणखी आक्रसतात आणि स्निग्धांश बाहेर फेकतात. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी यावर उपाय काढला: वितळत्या चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालायचे. हा क्षार कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतो, प्रथिने सुटी होतात आणि तुपाचे थेंब धरून ठेवतात. चीज गुळगुळीत वितळते, फुटत नाही. पुढे अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली प्रोसेस चीजचे पेटंट घेतले आणि त्याचा मोठा धंदा उभा केला. फाँड्यूतली वाइन तरी दुसरे काय करते? तिच्यातली आम्ले थोडेफार हेच काम करतात.

आणि आपल्या आज्यांना हे निराळ्या वाटेने ठाऊकच होते की! ताकाची कढी करताना बेसन का लावतात? ताक तापवले की फुटते, बेसन लावले की फुटत नाही. पिठातला स्टार्च प्रथिनांच्या मधे शिरून त्यांना गोळा होऊ देत नाही. डिपला मैदा लावायचा तो याचसाठी. कढी ज्याला जमते त्याला डिप जमणार, यात मला शंका नाही.

माझ्या घरी होते ती कृती अशी. दहा-बारा माणसांना पुरते. चाळीस ग्रॅम लोण्यावर चार-पाच पाकळ्या लसूण आणि एक बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतायचा, त्यावर चाळीस ग्रॅम मैदा घालून कच्चेपणा जाईपर्यंत मंद आगीवर भाजायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही. मग अर्धा लीटर दूध थोडे थोडे घालत ढवळत राहायचे. दाट झाले की भांडे खाली उतरवायचे. हे उतरवणे महत्त्वाचे, कारण चीज आगीवर घालायचे नसते. शंभर ग्रॅम प्रोसेस चीज आणि शंभर ग्रॅम मोझरेला किंवा चेडार किसून मुठीमुठीने घालायचे, विरघळू द्यायचे. प्रोसेस चीज गुळगुळीतपणा देते, दुसरे देते ते चव आणि तार. शेवटी दीडशे ग्रॅम चक्का. होय, श्रीखंडाला करतो तोच, बिनसाखरेचा. आयात क्रीम चीजच्या डब्याला मोजावे लागतात त्या पैशांत किती चक्का होईल याचा हिशेब तुम्हीच करा. आंबटपणा तोच, दाटपणाही जवळजवळ तोच.

पालेभाजी कुठली घालावी? व्हिडिओत पालक असतो. मी तांबडी भाजी घालतो. एक जुडी बारीक चिरून परतायची आणि अगदी घट्ट पिळून घ्यायची, नाहीतर डिपचे सूप होते. डिपला गुलाबी रंग येतो, पाहुणे पहिल्यांदा दचकतात, मग विचारतात. मिरपूड, किंचित जायफळ. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण प्रोसेस चीज मुळात खारट असते. वर थोडा किसलेला चीज आणि पावाचा चुरा, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे. फ्रिजमधून काढलेले असेल तर दहा मिनिटे जास्त.

भांडे मातीचे घ्यावे. आपले कुंडले यासाठी झकास, उष्णता धरून ठेवते आणि टेबलावर डिप बराच वेळ मऊ राहते. फक्त ज्यात हुमण शिजते ते घेऊ नका! माती वास विसरत नाही. आणि थंडगार कुंडले तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवले तर तडकण्याचा धोका असतो, म्हणून ते आधी बाहेर काढून ठेवावे, किंवा थंड ओव्हनमध्येच ठेवून मग ओव्हन चालू करावा.

बुडवायला काय, यावर मात्र मी भांडायला तयार आहे. प्लास्टिकच्या पिशवीतले मक्याचे चिप्स गोव्यात कशाला? आपल्याकडे पोदेर आहे. सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंपू वाजवत तो दारात येतो. त्याच्याकडे कोंड्याची पोय आहे, उंडे आहेत, कातरे पाव आहेत आणि कांकणां आहेत. कांकण म्हणजे बांगडीसारखे गोल, कडक, खरपूस. त्याचा तुकडा मोडून गरम चीजमध्ये बुडवून बघा. जगात कुठल्या कंपनीने डिपसाठी याहून चांगले काही केले असेल असे मला वाटत नाही, आणि आपण ते चहात बुडवण्यापुरते ठेवले आहे. पोयीच्या लांब पट्ट्या कापून ओव्हनमध्येच दहा मिनिटे वाळवल्या की त्याही उत्तम. पोदेराची पुढची पिढी भट्टीपाशी बसायला तयार नाही, जळण महाग झाले, एकामागून एक भट्ट्या बंद पडताहेत, अशी हळहळ आपण सगळेच व्यक्त करतो. पार्टीच्या दिवशी मात्र चिप्सच्या आठ पिशव्या आणतो. त्या ऐवजी आदल्या दिवशी पोदेराला चाळीस कांकणांची ऑर्डर द्यावी. हळहळीपेक्षा ती त्याच्या जास्त उपयोगी पडेल.

आता शिवराकाचा मुद्दा. आपल्या पार्टीत सोमवार पाळणारे असतात, श्रावण पाळणारे असतात, कायमचे शिवराक असतात. चीज म्हणजे दूध, म्हणजे शिवराक, असे आपण धरून चालतो. तसे नेहमी नसते. दूध विरजायला, खरे तर साकळायला, जे रेनेट वापरतात ते परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले असते. इटलीचे खरे पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच त्या रेनेटवर होते. आपल्या देशी कंपन्यांचे चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर होते आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. डिपवर मिरवायला म्हणून परदेशी चीज किसण्याआधी पाकीट उलटून बघावे आणि कळल्यावर पाहुण्याला सांगावे. गंमत अशी की पोर्तुगालची सेर्रा द एश्त्रेला आणि अझेइताँव ही दोन नामांकित चीज मेंढीच्या दुधाची, पण ती साकळतात एका काटेरी रानफुलाच्या केसरांनी. वासराचा संबंध नाही! वरची चकती कापायची आणि आतले मऊ चीज चमच्याने खायचे, अशी ती खायची रीत. म्हणजे ज्यांच्याबरोबर आपल्या पूर्वजांनी बाटण्याचे एवढे भय बाळगले, त्यांच्या देशातले हे चीज आपल्या सोमवारवाल्या काकूंना चालेल, आणि इटलीचे चालणार नाही. असो.

ख्रिस्ती मित्र असतील तर त्यांच्यासाठी चोरिस घालून दुसरे भांडे करावे. चोरिस आधी परतून तेल काढून टाकावे आणि मीठ मुळीच घालू नये. दोन भांडी, दोन डाव, आणि कोणते कुठले हे मोठ्याने सांगावे. त्यात संकोच कसला?

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळे लिहायला घेतले तो: उष्टे.

एका भांड्यात वीस माणसांनी पाव बुडवायचा, अर्धा चावायचा, पुन्हा बुडवायचा. मुलांना यात काही वाटत नाही. पण खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर एखादी सत्तरीची मावशी बसलेली असते. तिच्यापुढे ताटली असते आणि ती रिकामी असते. ‘भूक नाही गो’ म्हणते. भूक असते. त्या भांड्यात हात घालणे तिला शक्य नसते आणि ते बोलून दाखवणेही शक्य नसते, कारण बोलली तर नातवंडे म्हणणार, ‘आजी, तुझे ते सोवळे!’

त्या मावशीच्या बाजूने मला बोलायचे आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, एका विनोदी टीव्ही मालिकेतल्या प्रसंगावरून सुचून, नेमका हाच प्रयोग केला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. चावलेले बिस्किट पाण्यात बुडवले तर न चावलेल्याच्या तुलनेत दर मिलीलिटरमागे सुमारे हजार जिवाणू जास्त सापडले. मग त्यांनी खऱ्या डिपांवर तेच केले. टोमॅटोच्या पातळ साल्सामध्ये हजाराच्या आसपास, चीजच्या दाट डिपमध्ये दीडशे ते दोनशे. दाट पदार्थ पावाला चिकटून वर येतो, पातळ पदार्थ उष्टा होऊन परत भांड्यात गळतो, म्हणून हा फरक. दोन तासांनी साल्सातल्या आम्लाने तिथली संख्याही उतरली. सर्दी-तापाच्या साथीच्या दिवसांत याचा अर्थ काय तो सांगायला नको. २०२० नंतर तर नकोच नको. म्हणजे मावशी मागासलेली नाही. फाँड्यू खाणाऱ्या स्विस माणसाचाही शिष्टाचार हाच आहे: काटा ओठांना लागू द्यायचा नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उष्ट्याची आपली कल्पना जिवाणूंवर उभी नव्हती. कुणाचे उष्टे कुणाला चालते, कुणाच्या हाताचे पाणी चालत नाही आणि कुणाला मात्र उष्ट्यावरच जगायला लावायचे, याचा तो हिशेब होता. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी आपल्या आत्मकथनाला ‘जूठन’ हे नाव उगाच दिले नाही. गोव्यातही देवळातल्या पंगती एकत्र नव्हत्या, हे आपण विसरायचे ठरवले म्हणून ते पुसले जात नाही. एका भांड्याभोवती सगळ्या जातींची, धर्मांची माणसे उभी राहून खातात हे दृश्य माझ्या आजोबांच्या पिढीत अशक्य होते. त्यामुळे कुणी ‘एकाच भांड्यात नको’ म्हटले की माझ्या मनात प्रश्न येतोच, की अडचण लाळेची आहे की माणसाची?

लाळेची असेल तर उपाय आपल्याच पंगतीत आहे. वाढपी आमटी कशी वाढतो आठवा. डाव वरून धरतो, पानाला टेकू देत नाही. शंभर माणसे जेवली तरी मूळ भांडे उष्टे होत नाही. तोच डाव डिपच्या भांड्यात ठेवा. शेजारी छोट्या वाट्या ठेवा, ज्याने त्याने डावाने वाटीत घ्यावे आणि आपल्या वाटीत हवे तितके बुडवावे. भांडे मधोमध, माणसे भोवती, गप्पा त्याच. आणि मावशीला नातवाने पहिली वाटी नेऊन द्यावी, तीही पार्टी सुरू होताना, कुणाचा हात लागायच्या आधी. माणसाची अडचण असेल तर मात्र त्याला माझ्याकडे डाव नाही. त्याने उपाशी राहावे.

शेवटी वेळेचे. गरम चीज थंड झाले की घट्ट होते, वर साय धरते आणि मग कुणी बघत नाही. आणि दुधाचा पदार्थ आपल्या हवेत उघडा ठेवायचा नसतो. एरवी दोन तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच. म्हणून एकदम मोठे भांडे करण्यापेक्षा दोन लहान करावीत, पहिले संपत आले की दुसरे ओव्हनमध्ये ढकलावे. उरलेच, तर डावाने वाढलेले असल्यास झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पोदेर आला की ताज्या पोयीत भरून तव्यावर दाबून भाजा. बुडवाबुडवी झाली असेल तर जीव जड करून टाकून द्या.